४५ अंशाच्या कापाला गाइड रेल कशी आणि कुठे क्लॅम्प करता?

गुण्या पुणेकर
मंडळी, घरासाठी अभ्यासाचं टेबल करायला घेतलंय. १८ मिमीचं सागाचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेलं प्लाय आहे आणि डिझाइन वॉटरफॉलचं, म्हणजे टेबलाची वरची फळी एका कडेला काटकोनात वळून तशीच जमिनीपर्यंत उतरते आणि सागाचे रेषे वरून खाली सलग दिसतात. त्या वळणावर दोन्ही तुकड्यांना ४५ अंशाचा काप लागतो, लांबी ६०० मिमी. माझ्याकडे ७ इंची सर्क्युलर सॉ आहे, खाली अ‍ॅडॉप्टर प्लेट लावून ती १४०० मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम गाइड रेलवर चालते. सरळ कापाला काही अडचण नाही, रेलच्या खालच्या रबरी पट्ट्या अशा घट्ट धरतात की क्लॅम्पची आठवणही होत नाही. पण ब्लेड ४५ ला झुकवलं की सगळं बिनसतं. सॉ बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते, मग आपला हात आपोआप तिला आत दाबतो आणि रेल मधेच कुठेतरी अर्धा सूत सरकते. सध्या रद्दी प्लायवर करून बघतोय, जोड लावून पाहिला की मधे फट दिसते.

तर प्रश्न असे. दोन टोकांना दोन क्लॅम्प पुरतात का? रेलच्या खाचेत सरकवायचे खास क्लॅम्प घ्यावेत की साधे जी-क्लॅम्प चालतील? (जी-क्लॅम्पचा स्क्रू वर येतो आणि मोटरला आडवा येतो.) आणि रेल ठेवायच्या तुकड्यावर लावायची की टाकायच्या? व्हिनियरचं प्लाय महाग आहे, ते कापायच्या आधी नीट समजून घ्यायचंय.

सूतभर
रबरी पट्ट्या स्वच्छ असतील तर क्लॅम्प लागत नाही. प्लायवरचा भुसा आधी पुसून घ्या, पट्ट्यांवरून ओलं फडकं फिरवा, वाळू द्या आणि मग रेल ठेवा. मी किचन ट्रॉल्यांचे सगळे पॅनेल विनाक्लॅम्प कापलेत.

चिंचवडचा फिटर
@सूतभर, ९० ला तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, ४५ ला अजिबात नाही.

सरळ कापात सॉचं वजन रेलच्या मधोमध पडतं, ते वजनच रेलला दाबून धरतं. ब्लेड झुकवलं की मोटर वर आणि बाहेर जाते आणि चार-साडेचार किलोचं वजन रेलच्या बाहेरच्या कडेवर किंवा त्याच्याही पलीकडे येतं. म्हणजे जे वजन रेल दाबत होतं तेच आता तिची आतली कड उचलायला बघतं, आणि कड उचलली गेली की रबरी पट्टीला पकडायला काही उरतच नाही. त्यात हात बाजूने दाबतो. आणि वर १८ मिमी प्लायमधे ब्लेडला प्रत्यक्ष कापावं लागतं १८ गुणिले १.४१४, म्हणजे साडेपंचवीस मिमी. लाकूड ४१ टक्के जास्त, तेवढा पुढे ढकलायचा जोर जास्त. या तीन गोष्टी एकत्र आल्या की रबर काही करू शकत नाही. तेव्हा क्लॅम्प हवेतच. पण नुसते क्लॅम्प लावून सॉचं कलंडणं थांबत नाही हेही लक्षात घ्या. क्लॅम्प रेलला धरतो, सॉला नाही.

सूतभर
हे पटलं. ट्रॉल्यांचे सगळे काप सरळच होते, तिरक्याला माझा नियम लावायला नको.

ठाणेकर ताई
पुणेकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. रेल ठेवायच्या तुकड्यावरच. आणि तिरक्या कापात एक गोष्ट डोळ्यांसमोर पक्की आणा: सॉ वरून बाहेर झुकते, म्हणजे ब्लेडचं खालचं टोक आत, रेलच्या खाली शिरतं. त्यामुळे रेलखालच्या तुकड्याची वरची कड लांब राहते आणि खालून तो तिरका कातरला जातो, वॉटरफॉलला नेमकं हेच हवं असतं. शिवाय रेलची ढलप्या रोखणारी पट्टी त्या वरच्या कडेवर दाबून बसलेली असते, म्हणून व्हिनियर फाटत नाही.

पण याचाच अर्थ असा की खालून क्लॅम्पचा जबडा जिथे बसतो तिथे ब्लेड पोचू शकतं! सरळ कापात रेलखालची सगळी जागा सुरक्षित असते, तिरक्यात नसते. १८ मिमी प्लायच्या खाली ब्लेड ३ मिमी बाहेर येईल असं ठेवलं तर ते कापाच्या रेषेपासून साधारण २१ मिमी आत जातं. खोली न बदलता पूर्ण खाली सोडलं तर ७ इंची सॉ जवळपास ५० मिमी आत जाईल. तिथे लोखंडी जबडा असला तर काय होईल ते सांगायला नको. मी सॉचा प्लग काढून, ब्लेड झुकवून, रेलच्या टोकाशी प्लायच्या बाहेर उभी धरते, खाली वाकून टोक कुठवर येतंय ते पेन्सिलने क्लॅम्पच्या दिशेला खूण करून ठेवते आणि जबडा त्या खुणेच्या निदान दोन बोटं पलीकडे ठेवते. टेबलाच्या खालच्या आधाराच्या पट्ट्यांनाही हेच लागू, त्यातला स्क्रू ब्लेडच्या वाटेत नाही ना ते बघा.

वाचनमात्र
ताई, हे खाली वाकून खूण करायचं कुणीच सांगत नाही. वाखुसा (वाचनखूण साठवली).

नाद करवतीचा (कोल्हापूर)
जी-क्लॅम्पचा स्क्रू मोटरला आडवा येतोय तर क्लॅम्प उलटा लावा की राव. मूठ खाली, सपाट जबडा वर. वर फक्त जबड्याची जाडी दिसते, सॉ त्याच्यावरनं निघून जाते. आमच्या वर्कशॉपला सगळे क्लॅम्प असेच खालून आवळतात. फक्त प्लाय टेबलावर सपाट ठेवून चालत नाही मग, खाली मूठ फिरायला जागा पाहिजे. दोन बाय चारच्या पट्ट्या टाका खाली, आडव्या उभ्या, म्हंजे हात जातो.

आणि किती क्लॅम्प म्हणाल तर ६०० ला दोन बास. पण दोन्ही टोकाला घट्ट, नुसते टेकवलेले नव्हे.

गुण्या पुणेकर
मूठ खाली! लगेच करून बघतो. ताई, ते ब्लेड आत शिरण्याचं गणित फार उपयोगाचं. माझे आधाराच्या पट्ट्यांचे स्क्रू बरोबर ब्लेडच्या वाटेत येतायत, काढून घेतो.

नाशिककर ९
मधेच विचारतो. आमचे मिस्त्री सगळं काम ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून करतात, तिरका कापही त्याच्यावरच, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टेकवून. त्यांना रेल घेऊन दिली तर चालेल का?

चिंचवडचा फिटर
नाशिककर, रेलच्या आधी कटर बदलून द्या. कळकळीने सांगतोय. मार्बल कटर दगड घासायला बनवलाय. दहा हजारांच्या वर फेरे, सर्क्युलर सॉचे साधारण पाच-साडेपाच हजार असतात. त्याला खाली आपोआप मिटणारं गार्ड नसतं, म्हणजे काप संपल्यावर फिरतं ब्लेड उघडंच. हिऱ्याच्या चकतीला दात नसतात म्हणून दगडात ती मागे उसळत नाही, तिथे दातांचं ब्लेड लावलं आणि लाकडात अडकलं की यंत्र सरळ हाताकडे येतं. तिरक्या कापात तर आधीच तोल गेलेला असतो. हे आपल्याकडे जिकडेतिकडे सर्रास चालतं आणि बोटं गमावलेले मिस्त्री पण जिकडेतिकडे दिसतात. साधी सर्क्युलर सॉ घेऊन द्या, पट्टी कसलीही चालेल.

कुडाळकर मिस्त्री
फिटरसाहेबांशी सहमत. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना मी मार्बल कटर लाकडाला लावू देत नाही, काम उशिरा झालं तरी चालेल.

आता तिरक्या कापाचं माझं. आमचं काम कौलारू छपरांचं जास्त, टेबल-कपाटं कमी. छपराच्या कोपऱ्यावर तिरक्या लाकडाला टेकणारे जे आखूड वासे असतात त्यांना दोन कोन एकदम लागतात. बाजूने बघितलं तर छपराच्या उताराचा कोन, आणि वरून बघितलं तर ४५. दोन्ही बाजूंचा उतार सारखा आणि घराचा कोपरा काटकोनात असला तर सोपं आहे, वाशाच्या बाजूवर उताराची ओळंब्याची रेघ आखायची, जी साध्या वाशाला आखतो तीच, आणि सॉ ४५ ला झुकवून त्याच रेघेवरून चालवायची. दुसरा कोन आपोआप येतो.

अडचण पकडायची. वासा असतो ५ बाय २ इंची, त्यावर मोठी रेल बसत नाही, बसवली तर अर्धी हवेत. म्हणून मी दोन वासे शेजारी-शेजारी ठेवतो, मधे फट नाही, दोन्ही एकत्र शिकंज्यात आवळतो, म्हणजे रेलला रुंद बैठक मिळते, आणि आखूड रेल तिरकी ठेवून तिचे क्लॅम्प वाशांच्या लांबीकडे, ब्लेड जिकडे शिरत नाही त्या अंगाला घेतो. २ इंच जाडी ४५ ला पुरी कापायला ७ इंची सॉ जेमतेम पुरते, कधी दोन सूत राहतं, ते हातकरवतीने काढायचं. फणसाचं लाकूड असलं तर हातकरवत बरीच, गुळगुळीत काप येतो. बाकी हाताने काढलेला कोन बघून पोरं अजून विचारतात कसं जमतं म्हणून.

ठाणेकर ताई
मिस्त्री, दोन वासे एकत्र आवळायची युक्ती अरुंद पट्ट्यांनाही लागू पडते. शेल्फची १०० मिमीची पट्टी तिरकी कापायची तर मी पलीकडे त्याच जाडीची रद्दी पट्टी लावते, नाहीतर रेल डुगडुगते.

स्टुटगार्टवासी
इथल्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो, कारण ही गाइड रेल जिथे घरोघरी दिसते त्या भागात राहतो. अशा सॉ आणि रेल बनवणाऱ्या फेस्टूलचं मुख्यालय वेन्डलिंगेनला, बॉशच्या पॉवर टूल्सचं लाइनफेल्डनला, दोन्ही इथून जवळ, आणि माफेल नेकार नदीकाठी वर ओबर्नडॉर्फला. त्यामुळे सुताराच्या गाडीत रेल नाही असं होत नाही.

पुणेकरांचा मूळ त्रास कलंडण्याचा आहे असं मला वाटतं, सरकण्याचा नंतरचा. ट्रॅक सॉमधे, म्हणजे रेलवर चालायलाच बनवलेल्या सॉमधे, यावर दोन उपाय असतात. एक, सॉच्या तळाला एक छोटी कळ असते, ती सरकवली की तिचं टोक रेलच्या ओठाखाली अडकतं आणि सॉ उचललीच जात नाही. मकिताच्या एसपी ६००० ला ही सोय आहे, तिरक्या कापासाठीच दिलेली. ती सॉ फेस्टूलच्या रेलवरही चालते, पण ही कळ तिथे अडकत नाही, त्यासाठी मकिताचीच रेल लागते, तेव्हा स्वस्तात मिळतेय म्हणून दुसरी रेल घेताना हे बघा. बॉश आणि माफेलच्या रेल एकमेकींना चालतात, त्यांचा आकार वेगळा.

दुसरं, ब्लेड ज्या अक्षाभोवती झुकतं तो अक्ष चांगल्या ट्रॅक सॉमधे नेमका रेलच्या कडेवर असतो, म्हणून ९० असो की ४५, कापाची वरची रेघ तीच राहते. अ‍ॅडॉप्टरवरच्या साध्या सर्क्युलर सॉमधे हे होत नाही, झुकवलं की रेघ काही मिलिमीटर सरकते. पुणेकर, तुमच्या रेलची ढलप्या रोखणारी पट्टी ९० ला कापून घेतलेली असेल तर ४५ ला एकतर ती पुन्हा कापली जाईल, म्हणजे ९० साठी बाद, नाहीतर रेघ पट्टीपासून लांब जाईल आणि व्हिनियरला आधार राहणार नाही.

गुण्या पुणेकर
बरोबर, ३-४ मिमी लांब जातेय. म्हणजे मला रेलच बदलायला हवी का?

चिंचवडचा फिटर
नको. ४५ साठी वेगळी पट्टी घरी करा, खर्च नगण्य. ६ मिमी एमडीएफचा (लाकडाच्या लगद्याचा दाबलेला बोर्ड) ३०० मिमी रुंद तुकडा घ्या, त्यावर एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन (चौकोनी पोकळ नळी) किंवा सरळ कडेची १८ मिमी प्लायची पट्टी स्क्रू आणि फेव्हिकॉलने पक्की करा. सॉचा तळ त्या पट्टीला टेकवून, ब्लेड ४५ ला ठेवून, एमडीएफची जास्तीची कड कापून टाका. उरलेली कड म्हणजे तुमची ४५ ची रेघ. इथून पुढे ती कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची आणि कापायचं. त्यावर मोठ्या अक्षरात ‘४५’ आणि सॉचं मॉडेल लिहून ठेवा, ब्लेडची जाडी बदलली तर पुन्हा करावी लागेल.

एमडीएफ रुंद ठेवायचं कारण क्लॅम्प. ३०० मिमीत क्लॅम्पला सॉपासून लांब जागा मिळते, आणि जबडा ब्लेडपासून चांगला लांब राहतो. ताईंनी सांगितलेली भीती इथे मिटते.

कलंडण्यावर उपाय: त्या पट्टीवर वरून १२ मिमी प्लायची दुसरी पट्टी अशी बसवा की ती सॉच्या तळपत्र्यावर १० मिमी पुढे येईल, मधे कागदाच्या जाडीची फट. तळपत्रा त्या ओठाखालून सरकतो आणि सॉ उचलली जात नाही. आतून मेण घासा. आधी खात्री करा की झुकवल्यावर मोटर किंवा खोलीचा स्क्रू त्या ओठाला लागत नाही, काही मॉडेलला लागतो.

नाद करवतीचा (कोल्हापूर)
ओठाची आयडिया एक नंबर. नाद खुळा.

पेठेतला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा टेबल सॉ घ्या ना. ब्लेड झुकवलं, पॅनेल ढकललं, झालं.

ठाणेकर ताई
पेठेतले, १२०० लांब आणि ६०० रुंद पॅनेल छोट्या टेबल सॉवर आडवं धरून ४५ ला ढकलणं एकट्या माणसाचं काम नाही. ते डुललं की कोन गेला. कारखान्यातल्या सरकत्या टेबलाच्या पॅनेल सॉची गोष्ट वेगळी, तिथून कापून आणता येतं हे खरं. पण घरी करायचं तर मोठा तुकडा स्थिर आणि हत्यार फिरतं, हेच बरं.

पेठेतला
कापून आणायचा पर्याय आहेच. टिंबर मार्केटला भवानी पेठेत पॅनेल सॉवाले आहेत, ४५ मारून देतात. पण व्हिनियर सलग हवंय तर समोर उभं राहून कापून घ्यावं लागेल, नाहीतर ते तुकडे उलटेसुलटे करून ठेवतात.

स्टुटगार्टवासी
सलग व्हिनियरवरून आठवलं, कापायचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या तिरक्या कापानंतर पडलेल्या तुकड्याचा उतार उलटा असतो, खालची कड लांब. त्याला दुसरा काप द्यावाच लागतो, रेल त्याच्या बाजूला ठेवून. वरच्या कडेशी अगदी लागून दिला तर पृष्ठभागावरचं नुकसान फक्त ब्लेडच्या जाडीएवढं. २.२ मिमीचं ब्लेड ४५ ला झुकलं की वर ३.१ मिमी जातं. एवढ्यात रेषे जुळतात, डोळ्याला कळत नाही.

पण या दुसऱ्या कापात सॉच्या बाहेरच्या बाजूला लाकूडच नसतं, सगळा काप कडेवर, आणि कलंडायची भीती सर्वात जास्त इथे. तिथे त्याच जाडीचा रद्दी तुकडा चिकटून ठेवा आणि तोही खाली आवळा, मोकळा ठेवू नका. एक निमुळती त्रिकोणी पट्टी सुटते, ती ब्लेडमधे सापडून फेकली जाते. चष्मा घाला आणि ब्लेडच्या मागच्या रेषेत उभे राहू नका.

गुण्या पुणेकर
हे दुसऱ्या कापाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, फार फार आभार. आणखी एक, कापताना शेवटच्या १०० मिमीत ब्लेड आवळल्यासारखं होतं, मोटरचा आवाज बदलतो. हे क्लॅम्पमुळे का?

चिंचवडचा फिटर
आधारामुळे. सरळ कापात टाकायचा तुकडा वाकतो आणि ब्लेड आवळतं, म्हणून सगळे त्या तुकड्याला आधार देतात. तिरक्यात उलटं होतं. ठेवायच्या तुकड्याची लांब कड ब्लेडच्या वर येते, ती जराशी जरी खाली वाकली तरी सरळ ब्लेडवर बसते. आणि तुम्ही तर वरून रेल, क्लॅम्प आणि सॉ यांचं वजन त्याच बाजूला टाकलंय! म्हणून ठेवायच्या तुकड्याला रेषेच्या जितकं जवळ जमेल तितकं खालून धरा, ब्लेडची २१ मिमी सोडून. सर्वात सोपं म्हणजे खाली २ इंची थर्माकोलची पूर्ण शीट, दोन्ही तुकडे तिच्यावर, ब्लेड थर्माकोलमधे खुशाल शिरू दे. क्लॅम्प लावायच्या जागी थर्माकोलला खाच कापा. दाणे उडतात, पण ब्लेड आवळत नाही. आवाज बदलला की लगेच स्विच सोडायचा, ब्लेड थांबेपर्यंत सॉ हलवायची नाही. मागे ओढली तर उसळते.

सूतभर
अवांतर: प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारं) आहे म्हणून शिक्का बघून घेतलाय ना? भारतीय मानक आयएस ७१० मरीनचा, आयएस ३०३ मधे एमआर (ओलावा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) येतात. तिरक्या कापात आतले थर उघडे पडतात, आत पोकळी असली तर ती नेमकी जोडाच्या कडेवर येते. मी दुकानात शीटच्या चारही कडा बघूनच घेतो.

गुण्या पुणेकर
सूतभर, हो, ७१० चा शिक्का आहे, आणि कडाही बघितल्यात.

अकोलेकर
माझा प्रश्न जरा वेगळा तिरका. ब्लेड सरळच, पण रेल फळीवर तिरकी ठेवायची. तुळशी वृंदावनाखाली अष्टकोनी बैठक करतोय, कोपऱ्यांना साडेबावीसचा काप हवाय. कोनमापक छोटा आहे, ६०० मिमीत चूक वाढते.

कुडाळकर मिस्त्री
कोनमापक ठेवा बाजूला. १००० मिमी सरळ मोजा आणि काटकोनात ४१४ मोजा, दोन टोकं जोडा, साडेबावीस झाले. ३० ला ५७७, ४५ ला दोन्हीकडे १०००. काटकोन ३-४-५ ने तपासा (बाजू ३ आणि ४, तर तिरकी ५). रेल तिरकी ठेवली की तिचं एक टोक फळीच्या बाहेर लोंबतं आणि सॉ तिथूनच सुरू होते, तिथे त्याच जाडीचं लाकूड लावा म्हणजे सुरुवातीला खाली झुकणार नाही. आणि रेलच्या मागच्या बाजूला, आपल्याकडच्या टोकाला फळीवर एक ठोकळा आवळून ठेवा, रेल त्याला टेकलेली. मग हात कितीही दाबू दे, ती मागे जाणार नाही.

अकोलेकर
मिस्त्री, जमलं! ४१४ लिहून ठेवला भिंतीवर.

नाद करवतीचा (कोल्हापूर)
पुणेकर, क्लॅम्प नीट लागले तरी ब्लेड खरंच ४५ ला आहे का ते बघा, सॉवरच्या आकड्यावर जाऊ नका. पोरांच्या कंपासपेटीतला ४५ चा गुण्या लावा ब्लेडला, दातांना नव्हे, चकतीच्या सपाट भागाला. मग दोन रद्दी तुकडे कापून जोडा आणि मोठा गुण्या लावा. चूक दुप्पट दिसते, पाव अंश असली तर अर्धा दिसते, म्हंजे पकडायला सोपी.

ठाणेकर ताई
आणि शंका असली तर अगदी किंचित जास्त झुकवा, कमी नको. जास्त झुकलं तर फट आतल्या अंगाला जाते, बाहेरची कड मिटते. कमी झुकलं तर फट बाहेर, सगळ्यांना दिसते.

गुण्या पुणेकर
अपडेट. ४५ ची वेगळी एमडीएफ पट्टी केली, ओठासकट. क्लॅम्प दोनच, मूठ खाली, जबडे ब्लेडच्या खुणेपासून चांगले लांब. खाली थर्माकोल. दुसऱ्या कापाला बाहेर रद्दी तुकडा आवळला. रद्दी प्लायवर दोन्ही काप एका दमात आले, सॉ कुठेच उचलली गेली नाही, आवाजही बदलला नाही. जोड लावून पाठीमागून टॉर्च धरला, उजेड येत नाही. आता व्हिनियरचं प्लाय कापायला हरकत नाही असं वाटतंय. चिकटवताना ४५ च्या कडांना क्लॅम्प कसा लावायचा तेवढं सांगा, जी-क्लॅम्प घसरतो.

ठाणेकर ताई
अभिनंदन! तिथे क्लॅम्प नकोच. दोन्ही तुकडे चांगली बाजू वर करून, धारदार कडा एकमेकींना भिडवून सपाट ठेवा. जोडावर आडव्या दिशेने ब्राउन टेप ताणून लावा, दर दोन-तीन इंचांवर एक, आणि मग जोडाच्या लांबीवर एक सलग. सगळं अलगद उलटं करा, वर व्ही आकाराची खाच दिसेल, तिच्यात फेव्हिकॉल भरा, दोन्ही उतारांना लागेल असा. प्लायच्या कडा गोंद पितात, म्हणून आधी एक पातळ हात लावून पाच मिनिटं थांबा, मग दुसरा. आता एक तुकडा उचलून काटकोनात मिटवा, टेप ताणला जाऊन जोड स्वतःच आवळतो. आतून गुण्या लावा, दोन काटकोनी ठोकळे आतल्या कोपऱ्यात धरून ठेवा आणि रात्रभर हलवू नका. व्हिनियरवरून टेप काढताना रेष्यांच्या दिशेने, हळू.

अकोलेकर
ताई, पूर्ण ८ फुटी शीट लांबीत ४५ ला कापायची असेल तर? १४०० च्या दोन रेल जोडून २८०० होतात, पण क्लॅम्प टोकांनाच लागतात, मधे हात पोचत नाही.

स्टुटगार्टवासी
मधे क्लॅम्प लागणारच नाही, शीटची कड तिथून लांब आहे. दोन रेलच्या जोडपट्ट्यांचे स्क्रू आवळायच्या आधी कडेला लांब सरळपट्टी लावून बघा, नाहीतर जोडावर कोपरा पडतो. मग दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि मधे रेलच्या मागच्या कडेला, ब्लेडच्या उलट्या अंगाला, दोन-तीन ठोकळे दुहेरी टेपने शीटवर चिकटवा, रेल त्यांना टेकवून. बाजूने दाबाल तर मागे जायला जागा नाही. एक ठोकळा नेमका जोडाच्या मागे येऊ द्या. टेप चिकटवायच्या आधी शीटवरचा भुसा पुसा, व्हिनियर असेल तर टेप आधी कोपऱ्यात लावून सोलून बघा.

सूतभर
आणि एवढ्या लांब कापाला एक माणूस टाकायच्या पट्टीच्या शेवटी उभा ठेवा, धरायला नाही, फक्त खालून हात द्यायला. धरून ओढलं की पट्टी फिरते.